तिकडचे आईबाप, इकडचे आईबाप

प्रश्न : ताई, माझा मुलगा जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरीला आहे, आता तिथल्याच मुलीशी लग्न करायचं म्हणतोय. मुलगी छान आहे, व्हिडिओ कॉलवर मोडकंतोडकं मराठीपण बोलते, माझा विरोध वगैरे काही नाहीये. पण घरच्यांनी डोकं खाल्लंय. नणंद म्हणते त्या लोकांना आईबापाचं काही नसतं, म्हातारे झाले की होममधे टाकून मोकळे, आपल्यात संस्कार आहेत म्हणून आपण करतो. भाचा बरोबर उलटं बोलतो, म्हणे तिकडे सगळं सिस्टिमॅटिक, माणसं सरळ, नाटकं काय ती आपल्याकडेच. दोघं इतक्या खात्रीने बोलतात की मला कळेना कोणाचं खरं मानू. दोन देशांच्या संस्कारांची तुलना करूच नये का? आणि करायची तर कशी करायची? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : करा की, खुशाल करा. घरात नवीन माणूस येणार म्हणल्यावर ती होणारच, आणि "शेवटी माणसं सगळीकडे सारखीच हो" असं म्हणून विषय बंद करण्यात काही अर्थ नाही कारण फरक असतात आणि आधी बोलले नाहीत तर ते लग्नानंतर भांड्याला भांडं लागून बाहेर येतात. पण नणंद आणि भाचा जे करतायत त्याला मी तुलना म्हणणार नाही. नणंदबाई आपल्याकडचं 'कसं असायला पाहिजे' घेतात आणि त्याच्याशेजारी तिकडचं 'कसं असतं' ठेवतात, ते पण ऐकीव. भाचा तिकडची नियमावली घेतो आणि इकडचं वागणं. असा हिशोब मांडला की कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. आदर्श आदर्शाशेजारी ठेवा, वागणं वागण्याशेजारी, आणि कायदा कायद्याशेजारी.

आधी वागणं घेऊ कारण होमचा विषय तिथलाच आहे. जर्मनीच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२१च्या शेवटी साधारण ५० लाख लोकांना दुसऱ्याच्या मदतीची गरज होती, म्हणजे अंघोळ, जेवण, उठणं-बसणं यासाठी. त्यातले ८४ टक्के लोक घरीच होते. होममधे राहणारे १६ टक्के. आणि घरी असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांचं सगळं मुख्यतः नातेवाईकच बघत होते, म्हणजे मुलगी, मुलगा, नवरा, बायको, सून. आता हे नणंदेला सांगितलं तर त्या म्हणतील १६ टक्के म्हणजे काही कमी नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कमी नाहीतच. पण "टाकून मोकळे" हे वाक्य त्यात बसत नाही ना.

कायद्यात तर अजून गंमत आहे. आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलांवर टाकणारा खास वेगळा कायदा भारतात २००७मधे आला, ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा (तशी तरतूद आधीच्या कायद्यांतही होती, १९५६पासून). त्यात मुलांनी महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये द्यावेत असा आदेश निघू शकतो, आणि म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद. जर्मनीत अशीच जबाबदारी त्यांच्या दिवाणी कायद्यात आहे आणि तो कायदा १९०० सालापासून लागू आहे! २०२०पासून मात्र तिथे सूट दिली, मुलाचं वर्षाचं उत्पन्न १ लाख युरोच्या वर असेल तरच सरकार आईवडिलांच्या देखभालीचा खर्च त्याच्याकडून मागतं. म्हणजे "त्यांना काही नसतं" म्हणतो त्यांच्याकडे हा नियम शंभराहून जास्त वर्षं आहे, आणि "आपल्या रक्तातच आहे" म्हणतो तिथे तो कागदावर आणावा लागला. यावरून आपण वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण मग त्यांनापण एका वाक्यात वाईट ठरवू नका.

मग फरक काहीच नाही का? आहे ना, मोठा आहे, पण तो प्रेमाबिमाचा नसून बिल कोण भरतं याचा आहे. जर्मनीत १९९५पासून काळजीचा विमा सक्तीचा आहे, पगारातूनच कापतात, तुमच्या मुलाच्या सॅलरी स्लिपवर पण ती ओळ असेल. ज्यांना मुलं नाहीत त्यांच्याकडून थोडे जास्त कापतात. घरी आईला सांभाळत असाल तर त्या विम्यातून दर महिन्याला आईच्या नावाने पैसे मिळतात, आणि ठराविक तासांच्या वर काळजी घेत असाल तर तुमच्या पेन्शनमधेही भर पडते. म्हणजे म्हातारपणाची जबाबदारी घराची आहेच पण ती सगळ्या समाजाने वाटून घ्यायची असं त्यांनी ठरवलं. आपल्याकडे ती जवळजवळ पूर्ण घरावर आहे, खर्च पण आणि कष्ट पण.

आणि 'घर' म्हणजे कोण हो? २००७च्या कायद्यात मुलं म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात अशी व्याख्या आहे. सुनेचं नावच नाही! आणि रात्री दोनला सासऱ्यांना बाथरूमला कोण नेतं ते तुम्हाला माहितीये, मला माहितीये, नणंदबाईंना पण माहितीये (त्यांच्या माहेरी ते तुम्हीच केलं असेल असा माझा अंदाज). "आपण करतो" या वाक्यातला 'आपण' बहुतेक वेळा एक बाई असते. जर्मनीत बायका यातून सुटल्यात असं नाही, तिथेही २०२२च्या पाहणीत बायका पुरुषांपेक्षा साधारण ४४ टक्के जास्त वेळ बिनपगारी घरकामाला आणि काळजीला देत होत्या. म्हणजे नणंद-भाचा वादात दोन्ही देशांच्या बायका नापासही होत नाहीत आणि पासही, त्या आपल्या काम करतायत.

राहिले आदर्श. शालोम श्वार्ट्झ नावाच्या इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी पन्नासहून जास्त देशांतल्या शिक्षकांना आणि कॉलेजच्या मुलांना विचारलं की आयुष्यात तुम्हाला महत्त्वाचं काय. २००१मधे ते छापून आलं आणि त्यात बहुतेक ठिकाणी जवळच्या माणसांचं भलं करणं हे सगळ्यात वर किंवा वरच्या दोनतीनात होतं, सत्ता गाजवणं तळाला. म्हणजे आपल्या माणसांचं करावं हे सगळ्यांनाच वाटतं, भांडण होतं ते 'करायचं' म्हणजे नेमकं काय आणि कोणी यावर. एकत्र राहून? शेजारच्या गल्लीत राहून? पैसे पाठवून? कोथरूडमधे राहून तुम्हाला मी काय सांगू, तिथे कितीतरी फ्लॅटमधे आजीआजोबा दोघंच, मुलं अमेरिकेत बे एरियात, आणि त्या मुलांना कोणी संस्कार नाहीत म्हणत नाही, उलट फोटो दाखवतात.

तेव्हा होणाऱ्या सुनेला "तुमच्याकडे आईवडिलांना मानतात का" असलं काही विचारू नका, त्याला कोणीही हो म्हणेल. तिच्या आजीबद्दल विचारा. आजी आजारी पडली तेव्हा जवळ कोण होतं, पैसे कुठून आले, नोकरीतून सुट्टी कोणी घेतली, आजीला स्वतःला काय हवं होतं. आणि मग याच चार प्रश्नांची उत्तरं तुमच्या सासूबाईंच्या आजारपणाबद्दल मुलाला तुम्ही स्वतः सांगा, न सजवता. तुमचं दोघींचं गुडघेदुखीच्या वयातलं काय ठरवायचंय ते त्यातूनच पुढे निघेल. नणंदेला पण विचारा हवं तर, मजा येईल.

प्रश्न : हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत जर्मन क्लायंटचं काम सुरू होणार म्हणून कल्चर ट्रेनिंग झालं. स्लाइडवर लिहिलेलं, 'सत्तेतलं अंतर : भारत ७७, जर्मनी ३५', म्हणजे भारतीय बॉसपुढे तोंड उघडत नाहीत आणि जर्मन तोंडावर बोलतात. हे सायंटिफिक आहे की आकडे लावलेला स्टिरिओटाइपच? – एक वाचक, पुणे

उत्तर : आकडे खरे आहेत, 'म्हणजे' नंतरचं ट्रेनरचं. 'सत्तेतलं अंतर' म्हणजे वरचा-खालचा हा भेद लोक किती धरून चालतात त्याचं माप. हे काम खेर्त हॉफस्टेड या डच संशोधकाचं. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या स्टाफकडून एक लाखाच्या वर फॉर्म भरून घेतले होते, त्यावरून त्यांनी देशांचे स्कोअर काढले आणि १९८०मधे पुस्तक आलं. एक कंपनी, ठराविक शिकलेली माणसं, पन्नासेक वर्षांपूर्वीची. आयबीएम तर १९७८मधे भारत सोडून गेलीसुद्धा, म्हणजे तुमच्या स्लाइडवरचा ७७ त्याच्याही आधीचा! आणि हॉफस्टेड स्वतः सांगत आले की हे देशांच्या सरासरीचं आहे, समोरच्या एका माणसावर चिकटवू नका. ते वाक्य स्लाइडवर कधीच येत नाही, जागा पुरत नसेल.

त्याच जुन्या तक्त्यात व्यक्तिवादाचा पण स्कोअर आहे, अमेरिका ९१, जर्मनी ६७, भारत ४८. आता बघा, जर्मनी अमेरिकेपेक्षा आपल्या जास्त जवळ निघाली. हे ट्रेनिंगमधे सांगितलं का? नसणार, कारण 'पाश्चात्त्य' असा एकच गठ्ठा केला की काम सोपं होतं.

फॉर्ममधे अजून एक गोची असते. "मी वक्तशीर आहे" यावर टिक करताना माणूस स्वतःला आजूबाजूच्या लोकांच्या मापाने मोजतो. शिस्तीच्या ऑफिसातला माणूस दोन मिनिटं उशीर झाला म्हणून स्वतःला कमी मार्क देतो आणि आमच्याकडचा अर्धा तासच उशीर झाला म्हणून पूर्ण मार्क घेतो. दोन देशांचे असे आकडे शेजारी ठेवले की गडबड होणारच. आणि आपण परक्यांबद्दलच चुकतो असंही नाही, २००५मधे ४९ संस्कृतींमधे केलेला एक अभ्यास आला, त्यात लोकांना 'तुमच्या देशातला टिपिकल माणूस कसा' असं विचारलं आणि मग तिथल्या खऱ्या माणसांचे स्वभाव मोजून बघितले, तर दोन्ही जुळलेच नाहीत. स्वतःच्या देशाबद्दल बोलत होते हं लोक!

मग क्लायंटशी कसं वागायचं, तर पहिल्या कॉललाच विचारून टाका. अडचण आली तर कोणाला कळवायचं, मेलवर की फोनवर, डेडलाइन हलणार असेल तर किती आधी सांगायचं, शेवटचा निर्णय कोणाचा. ७७ आणि ३५चा तिथे काही उपयोग नाही. आणि तुमच्याच टीममधे बॉसपुढे कोण तोंड उघडत नाही त्याची कारणं अप्रायझलच्या महिन्यात शोधा, संस्कृतीपर्यंत जायची गरज पडणार नाही बहुतेक.

प्रश्न : मी सांगलीजवळ नववीला शिकवतो. 'भारतीय आणि पाश्चात्त्य संस्कृती' या निबंधात निम्मी मुलं लिहितात की तिकडे अठरा वर्षं झाली की मुलांना घराबाहेर काढतात. काय करू? – एक शिक्षक

उत्तर : सर, त्यांना एवढंच सांगा की फिनलंडमधे मुलं सरासरी एकविसाव्या वर्षाच्या आसपास घर सोडतात आणि इटलीत तिशीला. दोन्ही 'पाश्चात्त्य'. फिनलंडमधे शिकणाऱ्या मुलांना सरकारी मदत मिळते, इटलीत तरुणांना पक्की नोकरी मिळायची मारामार, आणि आईच्या हातचं जेवण तर आहेच. मग मुलांना घरी विचारायला लावा की आपल्या घरातून कोण कधी बाहेर पडलं आणि का. कोणाचे पणजोबा पंधराव्या वर्षी मुंबईला गिरणीत गेलेले निघतील, कोणाची आत्या लग्न होऊन अठराव्या वर्षी, कोणाचा दादा पुण्यात कॉट बेसिसवर. एवढं जमलं की निबंधाचं नाव बदला, 'घर कोण कधी सोडतं' असं काहीतरी, आणि शब्दमर्यादेचे मार्क या वेळी कापू नका.