नडगी दुखतेय, पण थांबायला वेळ नाही

प्रिय मावशी,

मी सतरा वर्षांची आहे. शाळा संपायला पाच आठवडे उरलेत. पहाटे पाचला उठून मैदानावर जाते, कारण शेवटच्या स्पर्धेत ४×४०० रिलेचा शेवटचा टप्पा माझ्याकडे आहे. शाळा सुटली की फुटबॉल. शनिवारी लहान मुलांना पोहायला शिकवते, रविवारी मैत्रिणींबरोबर क्लाइंबिंग. शेवटचा पेपर झाला की दुसऱ्याच दिवशी आम्ही दहा जण तंबू घेऊन तीन दिवस सायकलवर निघणार आहोत. परतीच्या दिवशी सगळे नदीवरच्या कड्यावरून पाण्यात उडी मारणार, व्हिडिओसकट. मध्ये तीन पेपर आहेत. अभ्यास रात्री साडेबारापर्यंत चालतो.

महिनाभर उजवी नडगी दुखतेय. सरावाआधी गोळी घेते, मग भागतं. कुणाला सांगितलेलं नाही. सर माझ्या जागी दुसरीला घेतील आणि आई सायकलचं रद्द करेल. तीन महिने पाळीही आलेली नाही, पण पळणाऱ्या मुलींचं असं होतंच ना? मला यातलं काहीच सोडायचं नाहीये. हे सगळे पुन्हा असे एकत्र कधीच नसणार. सगळं कसं बसवू, तेवढं सांग.

पायाला भिंगरी

—

भिंगरीबाई,

तुझा आठवडा मी कागदावर मांडून पाहिला. बसतो की सगळा! फक्त झोप बसत नाही आणि उजवा पाय बसत नाही. तू विचारलंस वेळापत्रकाबद्दल, पण नडगीचं आणि पाळीचं जे जाता जाता लिहून टाकलंस, माझं उत्तर मुख्यतः त्याचंच आहे.

आधी एक सांगते, म्हणजे मी तुला घरात बसवायला निघालेय असं वाटायला नको. या दिवसांत मला येणारी पत्रं बहुतेक उलटी असतात. मुलगा खोलीतून बाहेर येत नाही, मुलगी दिवसभर पडद्याला चिकटलेली, काय करू? जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करायला सांगते, आणि तेवढीसुद्धा करणारी मुलं शोधावी लागतात. तू मैदानात, पाण्यात, कड्यावर असतेस याचा मला आनंदच आहे. परीक्षेच्या तोंडावर खेळते म्हणून तुला कुणी बेजबाबदार म्हणत असेल, तर मी त्या बाजूची नाही.

आता नडगी. पळणाऱ्यांची नडगी मुख्यतः दोन प्रकारांनी दुखते, आणि त्यांतला फरक तुला कळायलाच हवा. एका प्रकारात हाडाच्या आतल्या कडेला चांगली वीतभर पट्टी दुखते, सुरुवातीला ठणकते आणि अंग गरम झालं की बरीचशी शमते. याला शिन स्प्लिंट म्हणतात. दुसऱ्या प्रकारात एका बोटाखाली झाकेल एवढीच जागा दुखते. पळत राहिलं की दुखणं वाढत जातं, त्या पायावर लंगडी घातली की कळ येते, आणि पुढे पुढे रात्री पडल्या पडल्याही ठणकतं. ही हाडाला गेलेल्या बारीक तड्याची लक्षणं असू शकतात, स्ट्रेस फ्रॅक्चरची. हाड रोज थोडं झिजतं आणि विश्रांतीत भरून निघतं. भरायला वेळच दिला नाही की झीज पुढे निघून जाते. तुझ्या आठवड्यात पाय मोकळा असा एकही दिवस मला दिसला नाही. वाढत्या वयाच्या खेळाडूंना आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी द्या, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते यासाठीच.

तुझं दुखणं यातलं कुठलं, ते मी पत्रावरून ठरवू शकत नाही, आणि तूही घरी बोटं दाबून ठरवायचं नाहीस. या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं. जाईपर्यंत पळणं बंद, फुटबॉल बंद. चालतानाही दुखायला लागलं किंवा पायावर भार टाकता येईनासा झाला, तर त्याच दिवशी. आणखी एक लक्षात ठेव. असा तडा सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. 'एक्स-रे साफ आहे' एवढं ऐकून उड्या मारत मैदानावर परतू नकोस, 'मग दुखतंय कशाने?' हे विचारूनच बाहेर पड. गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील.

तडा निघाला तर साधारण सहा ते आठ आठवडे पळता येणार नाही, कधी जास्तही. म्हणजे रिले गेली. हे वाचून पोटात खड्डा पडला असेल, मला कळतंय. पण लपवून पळालीस तर काय होऊ शकतं तेही ऐक. बारीक तड्याचं पूर्ण मोडलेलं हाड होऊ शकतं, तेही शेवटच्या टप्प्यात, बॅटन हातात असताना. मग रिले जाते, सायकल जाते, आणि पुढचं वर्षही कुबड्या आणि व्यायामोपचार यांतच सुरू होतं.

गोळीचं वेगळं सांगते, कारण पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट तीच आहे. दुखणं दाबून त्याच पायावर पळणं म्हणजे धोक्याची घंटा वाजू नये म्हणून तिची तार कापणं. शिवाय अशा गोळ्या रोज, न विचारता, घाम गाळताना घेतल्या की पोटाला आणि मूत्रपिंडालाही त्रास होऊ शकतो. आजपासून बंद.

आणि पाळी. नाही, पळणाऱ्या मुलींचं 'असं होतंच' असं नाही. अनेकींचं होतं हे खरं, पण म्हणून ते ठीक ठरत नाही. शरीर जेवढं खर्च करतं तेवढं त्याला खाण्यातून मिळालं नाही, की ते काही कामं बंद ठेवतं, आणि पाळी त्यांत लवकर थांबते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला नाव दिलं, रेड-एस. मुलगेही यातून सुटत नाहीत, फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी ठळक खूण नसते. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन कमी झालेलं असतं, आणि हाडं मजबूत राहायला ते लागतं. म्हणून तुझी नडगी आणि तुझी पाळी ही दोन वेगळी दुखणी नसण्याची शक्यता मला जास्त वाटते. हाडांचा बहुतेक भरणा विशीच्या आतच होतो. ही वर्षं पुन्हा मिळत नाहीत.

पाळी थांबण्याची इतरही कारणं असतात. डॉक्टर थेट प्रश्न विचारतील, थेट उत्तरं दे. लाजायचं काही नाही. आणि पहाटे उपाशी पळत असशील, दुपारचं जेवण सरावाच्या घाईत बुडत असेल, तर तेही सांग. तुझ्या पत्रात सगळ्याच्या वेळा आहेत, जेवणाची मात्र एकही नाही.

झोपेवर भाषण देत नाही. साडेबारा ते पाच म्हणजे साडेचार तास. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागतात. या वयात झोप उशिरा येते हा शरीराच्या घड्याळाचा भाग आहे, त्यात तुझा दोष नाही. तुझ्या हातात आहे तो पाचचा गजर. शाळकरी खेळाडूंवरच्या एका अभ्यासात (२०१४) आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापतीचा धोका १.७ पट दिसला. पळणं थांबल्यावर पहाट आपोआप मोकळी होईल. ती अभ्यासाने भरू नकोस, झोपेने भर.

आता सरांचं. तुझी भीती अशी की सांगितलं की ते दुसरीला घेतील. घेतीलच, आणि घ्यायलाच हवं! पण कधी कळतं याने फार फरक पडतो. चारशेच्या रिलेमध्ये बॅटन घेणारी मागे वळून पाहत घेते, कारण मागून येणारी दमलेली असते. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये तिचा वेग किती पडतो हे घेणारीला सवयीनेच कळतं. राखीव मुलीला आज सांगितलं तर ती सवय करायला तिच्याकडे दिवस आहेत. शर्यतीच्या सकाळी सांगितलंस, किंवा मध्येच लंगडलीस, तर चौघींचं वर्ष पाण्यात. 'टीमला दगा द्यायचा नाही' असं तुला वाटत असेल, तर दगा लपवण्यात आहे.

कसं सांगू, हा पुढचा प्रश्न येईलच. मेसेज नको, प्रत्यक्ष भेट. सरावाच्या आधी, सर एकटे असताना. एवढंच म्हण: "सर, महिनाभर उजवी नडगी दुखतेय. मी गोळी घेऊन पळत होते. डॉक्टरांकडे जातेय, ते हो म्हणेपर्यंत पळणार नाही. तोवर राखीव मुलीबरोबर बॅटन बदलायचा सराव मला करून घेऊ द्या." शेवटचं वाक्य गाळू नकोस. ज्या जागेवर तू वर्षभर उभी राहिलीस तिथलं सगळं तुला माहीत आहे, ते त्या मुलीच्या कामी येईल. सर चिडतील कदाचित. चिडू देत. दुखऱ्या पायावर पळच असं म्हणाले, तर मात्र ती गोष्ट त्याच दिवशी आईला आणि शाळेला सांगायची.

आईला सरांच्याही आधी सांग. ती सायकल दौरा रद्द करेल अशी भीती आहे ना? स्वतःहून, पूर्ण आणि गोळ्यांसकट सांगितलंस तर दौऱ्याबद्दल बोलायला जागा उरते. कपाटात गोळ्यांचं पाकीट सापडून तिला कळलं, तर ती जागा संपली. दौऱ्याचा निर्णय तिच्यावर किंवा तुझ्यावर ढकलायचाच नाही, डॉक्टरांना विचारायचं. सायकल आणि पोहणं यांत नडगीवर आपटणारा भार पळण्यापेक्षा पुष्कळ कमी असतो, त्यामुळे दुखत नसेल तर त्यांना कधी कधी परवानगी मिळते. क्लाइंबिंगमध्ये उतरताना बऱ्याचदा उडी मारावी लागते, ते मात्र सध्या विसर. पोरांना पोहायला काठावरूनही शिकवता येतं, ते मुळीच सोडू नकोस.

आणि सायकलला नाही म्हणाले तर? तर तीन दिवस सायकलवर नसशील, पण मुक्कामावर असू शकतेस. कुणाच्या तरी गाडीतून सामान घेऊन पुढे जा, तंबू लाव, उशिरा पोहोचणाऱ्यांची वाट बघ. दहा दमलेल्या माणसांना पोहोचल्यावर तयार तंबू मिळाला, तर ती व्यक्ती कुणी विसरत नाही. तू मैत्रिणींबरोबर असण्याची आणि मैत्रिणींबरोबर पळण्याची गल्लत करतेयस. मोठ्या मुलांच्या पत्रांतून मला दिसतं ते असं, की त्या दिवसांतलं जे मागे राहतं त्यात काठावर बसून केलेल्या बडबडीचा वाटा मोठा असतो. टाइमिंग कुणाला आठवत नाही. तुझं बघ, कदाचित तुला आठवेल.

त्या कड्यावरच्या उडीला माझी साफ ना आहे, पाय ठणठणीत असला तरी. वरून दिसणारं पाणी खोल वाटतं, तळ कुठे आहे ते दिसत नाही, आणि गेल्या वर्षी खोल असलेल्या जागी यंदा गाळ किंवा दगड असू शकतो. उथळ पाण्यात डोकं आधी गेलं की मान मोडू शकते, आणि त्यातून आलेला लुळेपणा बहुधा जन्माचा असतो. पाय आधी टाकूनही माणसं जायबंदी होतात. तू एकटी असतीस तर बहुधा मारलीच नसतीस उडी. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याच्या एका संगणकी खेळात तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी मित्र बघत असताना एकट्याने खेळण्यापेक्षा खूप जास्त धोका पत्करला, आणि चोवीसच्या पुढच्यांवर मित्रांचा असा परिणाम जवळपास झालाच नाही. तुमच्या वयाचा हा स्वभाव आहे, व्हिडिओने तो आणखी बळावतो. म्हणून तिथे जाऊन ठरवू नका. निघण्याआधी ग्रुपवर लिही की उथळ काठावर पोहायचं, उडी नाही. दहातल्या निदान चार जणांना हायसं वाटेल आणि ते कबूल करणार नाहीत.

पेपरांचं थोडक्यात. शाळेनंतरचा फुटबॉलचा वेळ आता मोकळा होईल, अभ्यास त्यात बसव. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचू नकोस, ते मिटून आठवेल ते लिहून काढ आणि मग तपास. रोएडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की आठवडाभरानंतर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहतं. रात्री साडेदहाला दिवा बंद.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद ने: दुखणं कधी सुरू झालं, नेमकं कुठे, कशाने वाढतं, आठवड्यात किती पळतेस, शेवटची पाळी कधी आली, कुठल्या गोळ्या किती घेतल्या. आज रात्री जेवताना आईला सांग, आणि ते पाकीट तिच्या हातात दे.

मावशी