‘यू मस्ट’ म्हटलं आणि बिनसलं

प्रश्न : मॅडम, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव बार्शी तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम. सध्या पुण्यात इंटर्नशिप करते. सीनियरच्या कोडमध्ये चूक दिसली म्हणून मी कमेंट टाकली, ‘यू मस्ट चेंज धिस फंक्शन.’ चूक खरीच होती, पण मेंटॉरनी मला बाजूला घेऊन ‘जरा टोन सांभाळ’ असं सांगितलं. तेव्हापासून मीटिंगमध्ये तोंड उघडायची भीती वाटते. बाबा म्हणतात, इंग्रजी जमत नसेल तर बँकेच्या परीक्षा दे. स्पीकिंगच्या क्लासची फी 25 हजार सांगतात. काय करू?

उत्तर : सीनियरच्या नजरेतून सुटलेली चूक तुला दिसली, हे आधी लक्षात घे. कोड वाचता येणाऱ्या मुलीने एका कमेंटपायी वाट बदलू नये. तुझं वाक्य व्याकरणात बिनचूक आहे. अडलंय ते ‘मस्ट’पाशी, आणि तो तुझ्या वाक्यात कुठून आला ते मला अंदाजाने सांगता येईल.

तुझ्या मनात आलं असणार, ‘हे फंक्शन बदलायला पाहिजे.’ आणि शाळेत पाठ केलेलं असतं, पाहिजे म्हणजे मस्ट. पण आपलं ‘पाहिजे’ सगळीकडे चालतं. ‘भाजीत मीठ जरा कमी पाहिजे होतं’ हे मत झालं, ‘दोन चहा पाहिजेत’ ही मागणी, ‘फी भरायलाच पाहिजे’ ही सक्ती. ‘यू मस्ट’ म्हटलं की ऐकणाऱ्यापर्यंत सक्तीच पोचते. तू मत मांडलंस, त्यांनी हुकूम वाचला.

त्यात ‘यू’ची भर. हेच मराठीत सांगताना तू म्हणाली असतीस, ‘सर, तुम्ही हे जरा बघता का?’ त्यातल्या ‘तुम्ही’ने, ‘जरा’ने, शेवटच्या ‘का’ने मान राखला असता. इंग्रजीत पूर्वी ‘दाऊ’ आणि ‘यू’ असा आपल्या तू-तुम्हीसारखा फरक होता. प्रमाण इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून तो साधारण सतराव्या शतकात गेला आणि साहेबाला, शिपायाला, सगळ्यांना एकच ‘यू’ उरला. मग मान ठेवायचा कशात? कुड, वुड, माइट, शुड यांच्यात. आपण यांना व्याकरणाच्या पेपरातले दोन मार्क समजून सोडून देतो. मुलाखतीची तयारी करून घेताना मी हे दर वर्षी बघते: हुशार मुलं, मुद्दा पक्का, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हा भांडतोय.

‘कुड’चं तर फारच वाईट झालं. पुस्तकात तो ‘कॅन’चा भूतकाळ म्हणून शिकवतात, म्हणून मुलं विचारतात, काम आत्ता सांगायचंय तर भूतकाळ कशाला? मी त्यांना गावाकडचं दार आठवायला सांगते. शेजारच्या काकू येतात, उंबऱ्यातच थांबतात आणि म्हणतात, ‘ताई, एक काम होतं.’ काम तर आत्ताच आहे! पण ‘होतं’ म्हटल्याने ताईला ‘आज नाही जमणार’ म्हणायला जागा राहते. ‘सर, जरा विचारायचं होतं,’ हे तू स्वतः शंभरदा म्हटलं असशील. ‘कॅन यू चेक धिस’चं ‘कुड यू चेक धिस’ झालं की तीच जागा तयार होते. तुला ही रीत लहानपणापासून येते, फक्त इंग्रजीत ती कुठे ठेवलीय हे कुणी दाखवलं नाही.

‘शुड’साठी आपलं ‘बदलावं’ मनात आण. ‘मला वाटतं, आपण हे बदलावं’ म्हणजे ‘आय थिंक वी शुड चेंज धिस.’ इथे ‘यू’च्या जागी ‘वी’ आला, हे बघितलंस? खात्री कमी असेल तर ‘माइट’. एका शब्दापासून मात्र जपून राहा, तो म्हणजे ‘हॅड बेटर’. आपण त्याचा अर्थ ‘केलेलं बरं’ असा लावतो आणि तो सौम्य वाटतो. ‘यू हॅड बेटर फिनिश इट टुडे’ यात ‘नाहीतर बघ’ असा दम असतो. वरिष्ठांना तो कधीच लिहू नकोस. ‘कॅन एबल टू’, ‘मस्ट टू गो’, ‘आय सजेस्ट यू टू’ या नेहमीच्या चुका आहेत, त्या महिनाभरात जातील.

पण म्हणून ‘मस्ट’ला घाबरू नकोस. ‘यू मस्ट ट्राय धिस मिसळ’ यात प्रेमाचा आग्रह आहे. आणि तुझ्या क्षेत्रात तर या शब्दांच्या व्याख्या ठरलेल्या आहेत. इंटरनेटच्या मानकांसाठी 1997 साली आलेला आरएफसी 2119 हा जेमतेम तीन पानांचा दस्तऐवज आजच वाच. त्यात ‘मस्ट’ म्हणजे निरपवाद अट. ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल तर सोडता येईल, पण परिणामांचा नीट विचार करून. ‘मे’ म्हणजे ऐच्छिक. सुरक्षेचं भोक सापडलं तर ‘मस्ट’च लिहायचं, पण ते माणसाला न चिकटवता कामाला चिकटव: ‘धिस मस्ट बी फिक्स्ड बिफोर द रिलीज.’ तिथे माइट-माइट करत बसलीस तर चूक तशीच पुढे जाईल.

क्लासची फी सध्या भरू नकोस. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर एखादा मोठा ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, प्रकल्प उघड आणि एकमेकांच्या कोडवर लिहिलेल्या रोज दहा रिव्ह्यू कमेंट वाच. कुठे ‘कुड वी’ आहे, कुठे ‘शुड’, कुठे थेट ‘मस्ट’, ते वहीत उतरव आणि समोर मराठीत तू काय म्हणाली असतीस ते लिही. मग वाक्य मोठ्याने म्हण. दोन महिन्यांनी कमी वाटलं तर क्लासचा विचार करू.

बाबांना माझा नमस्कार सांग, आणि हेही सांग की बँकभरतीसाठी आयबीपीएस घेते त्या पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरच्या, परीक्षेत पूर्वपरीक्षेपासूनच इंग्रजीचा विभाग आहे आणि मुख्य परीक्षेत इंग्रजीतून लेखनही आहे. बँकेची नोकरी आवडत असेल तर जरूर जा. इंग्रजी टाळायला म्हणून गेलीस तर ती तिथेही भेटेल.

ती कमेंट मी अशी लिहिली असती: ‘आय थिंक धिस फंक्शन माइट फेल व्हेन द लिस्ट इज एम्प्टी. कुड वी ॲड अ चेक हिअर?’ तुझ्या कोडमधली नेमकी अडचण तुला माहीत, ती त्यात घाल. सोमवारच्या मीटिंगमध्ये असं एकच वाक्य बोल आणि काय झालं ते मला लिहून कळव.