हेच विद्यापीठ का? द्राक्ष पिकत नाही तिथे मी द्राक्षासाठी गेलो

तुम्ही विचारलंय: "परदेशात मास्टर्ससाठी अर्ज करतेय. ‘आमचंच विद्यापीठ का?’ या रकान्यात रँकिंगशिवाय काही सुचत नाही. कन्सल्टंट म्हणतो, पत्र मी लिहून देतो. तुम्ही काय लिहिलं होतं?"

आधी कन्सल्टंटचं सांगतो. २०१७ च्या दिवाळीनंतर मी नाशकात कॉलेज रोडवरच्या एकाकडे पैसे भरले. आठवड्यात दोन पानी पत्र हातात. जागतिक दर्जाचे प्राध्यापक, बहुसांस्कृतिक वातावरण, लहानपणापासून विज्ञानाची आवड, सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्या पानावर मधेच एक वाक्य: डब्लिनमध्ये शिकणं हे माझं फार दिवसांचं स्वप्न आहे. डब्लिन आयर्लंडमध्ये, मी अर्ज करत होतो नेदरलँड्सला. ते स्वप्न कुणाचं होतं कोण जाणे. त्याच्या पत्रात कदाचित माझं वाखेनिंगेन गेलं असेल.

वाखेनिंगेन हे त्या विद्यापीठाचं आणि गावाचंही नाव. आई अजून ‘वाघनिंगण’ म्हणते. वडिलांना, म्हणजे नानांना, मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "तिथं द्राक्ष होतं का?"

"नाही. म्हणजे शोधावं लागतं."

"मग?"

त्या ‘मग?’चं उत्तर देता देता माझं पत्र तयार झालं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग, सगळी थॉमसन जातीची. २०१० च्या हंगामात मी नववीत होतो. त्या वर्षी भारतातून गेलेल्या द्राक्षांत युरोपात सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, सापडलं आणि माल नाकारला गेला. बागायतदाराला सीसीसी समजावायला नको, तुमच्यासाठी सांगतो. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर, वेलीचा शेंडा रोखायला आणि काडीत माल जास्त धरायला ते मारायचे. फवारणी उन्हाळ्यात, माल तोडायचा पुढच्या फेब्रुवारी-मार्चला. मधे आठ-नऊ महिने जातात, एवढ्यात काय राहतंय, असंच सगळे धरून चालले होते. पण ते वेलीच्या लाकडात दडून राहतं आणि पुढे मण्यात उतरतं. इकडून माल निघताना तपासणी होत होतीच, पण तपासायच्या औषधांच्या यादीत हे नव्हतं.

एका संध्याकाळी नाना ओट्यावर प्लास्टिकच्या फोल्डरमधला आमच्या मालाच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन बसले होते. इंग्रजी म्हणून मला हाक मारली. तक्त्यात एका ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारलेली. मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आमच्या लॉटचा आकडा ०.११.

"म्हणजे किती, ते सांग."

मी वहीत गणित मांडलं. मर्यादेएवढं म्हणजे दहा टन द्राक्षांत अर्धा ग्रॅम. आमच्या आकड्याने एक ग्रॅमच्या किंचित वर. नानांनी डबीतून चिमूटभर तंबाखू काढली, तळहातावर ठेवली आणि मला दाखवली. "एवढं?" मी म्हटलं, असेल एवढंच. त्यांनी ती तंबाखू खाल्ली नाही, झटकून टाकली. त्या वर्षीच्या मालाचे पैसे पूर्ण कधी आलेच नाहीत. ज्याला माल दिला होता तो निर्यातदार जूनपर्यंत फोन उचलायचा, नंतर तेही बंद.

०.०५ च का? ०.५ का नाही? हा आकडा कुणी, कुठे बसून ठरवला? बीएस्सी ॲग्रीच्या चार वर्षांत मला छाटणी शिकवली, फवारणीचं वेळापत्रक शिकवलं, पण हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, खोटं कशाला बोलू. परीक्षेला येत नव्हतं.

पुढे शिकायचं ठरल्यावर जो तो सांगायचा, द्राक्षाचं करायचं तर कॅलिफोर्नियात डेव्हिसला जा, नाहीतर जर्मनीत गायझेनहाइमला. दोन्ही नावाजलेली, पण त्यांचा जीव मुख्यतः वाइनच्या द्राक्षात. शिवाय बाग कशी पिकवायची हे नानांना माझ्या बहुतेक प्राध्यापकांपेक्षा जास्त कळतं असं माझं मत होतं, आजही आहे. आमचं घोडं पेंड खात होतं ते घेणाऱ्याच्या दारात, आणि आमच्याकडचा युरोपला जाणारा बराचसा माल उतरतो नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात. तिथून तो पुढे इतर देशांत जातो. म्हणून मला पिकवणाऱ्यांच्या नाही, तपासणाऱ्यांच्या गावाला जायचं होतं.

वाखेनिंगेन हे शेती, अन्न आणि पर्यावरण याच विषयांभोवती उभं राहिलेलं विद्यापीठ. १८७६ ची सरकारी शेतकी शाळा, १९१८ मध्ये तिला उच्च शिक्षणाचा दर्जा मिळाला. गाव असेल पिंपळगाव बसवंतएवढं. रेल्वे स्टेशनसुद्धा नाही, शेजारच्या एडे गावात उतरून बस पकडायची. (आमच्या लासलगावला स्टेशन आहे, हे मी तिथल्या मित्रांना दर महिन्याला ऐकवायचो.) पण तिथे अन्नसुरक्षा या विषयात स्वतंत्र मास्टर्स होतं आणि त्यात अन्नकायद्याची वेगळी शाखा होती. विषशास्त्राचा विभाग त्याच आवारात. अन्नातले अंश तपासणारी रिकिल्ट ही संस्थाही तिथेच. २०१९ मध्ये मी तिथे असतानाच तिचं नाव बदललं. कायदा एका इमारतीत, प्रयोगशाळा दुसरीत, मधे सायकलची पाच मिनिटं. त्या दोन्ही इमारतींत मला काय विचारायचंय ते मी पत्रात लिहिलं. रिपोर्ट, तंबाखूची चिमूट, दहा टनांचं गणित, सगळं टाकलं. ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’ काढून टाकली, कारण नव्हतीच.

आता जे पत्रात लिहिलं नाही तेही सांगतो, नाहीतर मी फार थोर वाटेन. मावसभाऊ नेदरलँड्समध्येच, आइंडहोव्हनला नोकरीला होता, पहिले पंधरा दिवस त्याच्याकडे काढता येणार होते. जीआरई ही प्रवेश परीक्षा द्यायची नव्हती. अमेरिकेपेक्षा खर्च कमी होता, तरी कर्ज काढावं लागलंच. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला एक वर्ष राहायची परवानगी मिळते, हेही डोक्यात होतं. तुमचीही अशी कारणं असतील. ती असू द्या, त्यांची लाज नको. घरच्यांशी आणि बँकेशी बोलताना तीच कामी येतात. पत्र वाचणाऱ्याला मात्र तुमच्या मावसभावाशी घेणं नसतं.

रँकिंगबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ते त्यांना पाठ असतं, तुम्ही परत कशाला सांगता? त्यापेक्षा एक दिवस काढून त्या अभ्यासक्रमातल्या विषयांची यादी वाचा. नुसती नावं नाही, प्रत्येक विषयाखाली काय शिकवतात तेही. जिथे ‘अरे, हे तर आपल्याकडे अमुक वेळी झालं होतं’ असं वाटेल तिथे थांबा आणि तेवढ्यावरच लिहा. मला असा एकच विषय सापडला होता. तुम्हाला एकही सापडला नाही, तर बहुतेक विद्यापीठ चुकलंय, पत्र नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या आकड्याचं पुढे काय झालं ते सांगतो. तिथे नियम वाचायला शिकलो तेव्हा कळलं की माझा प्रश्नच वाकडा होता. ०.०५ म्हणजे ‘इथून पुढे विष’ असं नाही. एखादं औषध एखाद्या पिकावर मंजूरच नसेल, तर त्याची मर्यादा बहुधा यंत्राला खात्रीने मोजता येईल अशा तळाला नेऊन ठेवतात. खास आकडा ठरलेलाच नसेल तर सरसकट ०.०१. युरोपच्या २००५ सालच्या ३९६ क्रमांकाच्या नियमात हे सगळं आहे, घरबसल्या वाचता येतं. म्हणजे तो आकडा विचारत होता, ‘हे इथे मारायची परवानगी होती का?’ आणि आम्ही ओट्यावर बसून ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणत होतो. शिवाय शेकडो औषधं एका दमात धरणारी जी तपासणी असते, तिच्या जाळ्यातून सीसीसी निसटतं. त्याला वेगळी पद्धत लागते.

आणि तेच सीसीसी युरोपात गव्हावर, ओटवर चालतं. रोप बुटकं राहतं, पीक लोळत नाही. त्यामुळे त्या धान्यातली मर्यादा द्राक्षापेक्षा कित्येक पट जास्त.

हे कळलं त्या रात्री मी नानांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे त्यांच्या गव्हावर चालतं, आपल्या द्राक्षावर नाही?"

"हो."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गव्हाला काय भाव आहे तिकडं?"