सामान्य माणसाने सीपीआर का शिकावे?

सीपीआर म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन रक्तपुरवठा चालू ठेवण्याचा प्रथमोपचार. हृदय अचानक बंद पडले की मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कितीही तत्परतेने निघाली, तरी मुंबई-पुण्याच्या वाहतुकीतून किंवा घाटरस्त्याने इतक्या वेळात पोहोचणे तिला बहुधा शक्य नसते. असे प्रसंग बहुतांशी घरीच घडत असल्याने ती मोलाची मिनिटे पत्नी, मुलगा किंवा शेजारी यांच्याच हाती असतात. मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते.

शिकण्याचे आणखी एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे ओळखण्यातली चूक. हृदय थांबल्यावरही काही वेळ रुग्ण अधूनमधून आचके देतो, त्याला श्वास समजून लोक पाणी शिंपडत बसतात. माणूस हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि त्याचा श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर १०८ ला कळवून लगेच सीपीआर द्यायला सुरुवात करावी.

तोंडाने श्वास देण्याचा संकोच वाटत असल्यास प्रौढ रुग्णाची केवळ छाती दाबली तरी चालते: छातीच्या मध्यभागी, कोपर ताठ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. बरगडी मोडण्याची भीती अनेकांना थांबवते. ती मोडूही शकते, परंतु मोडलेली बरगडी भरून येते. हा जोर वाचून कळत नाही, म्हणून एकदा तरी प्रशिक्षकासमोर पुतळ्यावर सराव करावा.