नोकरी गेली, ४०१(के) मोडू का?

प्रश्न: अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर माझं सातवं वर्ष आहे. ऑस्टिनची नोकरी गेली, शेवटचा पगार ३१ ऑगस्टपर्यंतचा. वार्षिक पगार १,४०,००० डॉलर होता, सेव्हरन्स, म्हणजे नोकरी गेल्याची भरपाई म्हणून तीन महिन्यांचा पगार एकरकमी मिळेल. वय ३६. पत्नी कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसावर, तिला कामाची परवानगी नाही. मुलगी चार वर्षांची. ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यात ८५,००० डॉलर आहेत. ते मोडून पुण्याच्या फ्लॅटचं कर्ज फेडावं, की त्यावर इथेच तग धरून नोकरी शोधावी?

उत्तर: मोडू नका. निदान या वर्षी तरी नाही.

आधी देश सोडायच्या तारखेचं बोलू, कारण तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. एच-१बीची नोकरी गेल्यावर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४ या प्रवेश-नोंदीवरची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. ही मोजणी साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. सेव्हरन्स तीन महिन्यांचा आहे म्हणून मुदत तीन महिन्यांची होत नाही. म्हणजे तुमचा शेवटचा दिवस ३० ऑक्टोबर, आणि पत्नी-मुलीचा एच-४ सुद्धा तुमच्याच मुदतीला बांधलेला. तोवर नव्या कंपनीने तुमची याचिका दाखल केली तर दाखल झाल्यापासून कामाला लागता येतं. नाहीतर मुदत संपण्याआधी बी-२ या पर्यटक दर्जासाठी अर्ज करून थोडा वेळ मिळवता येईल, पण त्यावर नोकरी करता येत नाही.

म्हणजे ‘तग धरायचा’ तो दोन महिने, फार तर थोडा जास्त. तेवढ्याला सेव्हरन्स पुरतो. त्यासाठी निवृत्तीच्या पैशाला हात लावायचं कारणच उरत नाही.

राहिला फ्लॅट. यंदाचा पगार आणि सेव्हरन्स मिळून तुमचं उत्पन्न आधीच सुमारे १,२८,००० डॉलर झालंय. दोघांचं एकत्र विवरणपत्र धरलं, तरी त्यावर चढणारे ८५,००० जवळजवळ सगळे २२ टक्क्यांच्या टप्प्यात जातील: १८,७०० डॉलर कर. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढल्याबद्दल वर १० टक्के, म्हणजे ८,५००. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, हे तुमचं नशीब. हातात उरतात ५७,८०० डॉलर. मेख अशी की, पैसे थेट तुम्हाला दिले तर कापून घेतात २० टक्केच. खात्यावर ६८,००० दिसतील, ते तुम्ही कर्जात भरून मोकळे व्हाल आणि एप्रिलमध्ये आणखी १०,२०० भरायची वेळ येईल.

आता हेही खरं की २२ टक्क्यांचा सगळाच भाग तोटा नाही. पारंपरिक ४०१(के) वर कर आज ना उद्या द्यायचाच आहे. पण तो भरघोस उत्पन्नाच्या वर्षात का द्यायचा? आणि १० टक्क्यांचा दंड तर निव्वळ पाण्यात. गृहकर्जाचं वर्षभराचं व्याज वाचवायला तेवढंच एका फटक्यात घालवण्यासारखं आहे हे. त्यापेक्षा सेव्हरन्समधून सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढा.

परत यायचं ठरलं तरी ४०१(के) तिथेच ठेवता येतो. अनिवासी असताना मिळवलेली परदेशी मालमत्ता भारतात परतल्यावर बाळगायला फेमा या परकीय चलन कायद्याची आडकाठी नाही. मागच्या सात वर्षांत भारतातले तुमचे दिवस ७२९ किंवा त्याहून कमी असतील, तर निवासी झाल्यावरही तुम्ही ‘सामान्यतः निवासी नाही’ या वर्गात मोडता. ही सवलत बहुधा दोन, कधी तीन आर्थिक वर्षं चालते आणि त्या काळात परदेशी उत्पन्नावर इथे कर नसतो. पुढे १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८९ए म्हणून आलेली तरतूद कामाची: खात्यात दरवर्षी होणाऱ्या वाढीवर नव्हे, तर पैसे काढाल तेव्हाच कर. मात्र हा पर्याय एकदा घेतला की मागे घेता येत नाही, तेव्हा घाईने सही करू नका.

खातं आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्यामध्ये वळवायचं असेल तर निघण्यापूर्वी वळवा. परदेशी पत्त्यावर काही ब्रोकर नवं खातं उघडत नाहीत. अमेरिकेतला मोबाइल नंबरही चालू ठेवा. ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि तो बंद केल्यावर आपल्याच पैशापर्यंत पोहोचायला महिनोन् महिने झगडणारे लोक मी पाहिलेत.

सोशल सिक्युरिटी या अमेरिकेच्या सरकारी पेन्शनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. पेन्शनला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. तुमची २८ च्या आसपास झाली असतील. दोन्ही देशांतली नोकरी एकत्र मोजण्याचा भारताशी अमेरिकेचा करार नाही, म्हणून भारतातली नोकरी त्यात धरली जात नाही. पण जमलेली क्रेडिट्स पुसलीही जात नाहीत.

सेव्हरन्सच्या कागदावर सही करण्याआधी तो इमिग्रेशन वकिलाला दाखवा. एकरकमी देण्याऐवजी पगारपत्रकावरची शेवटची तारीखच पुढे ढकलतील का, हे कंपनीला विचारा. नाही म्हणाले तर गेलं काय? तुमच्या परतीच्या तिकिटाचा वाजवी खर्चही त्यांच्याकडेच आहे, कुटुंबाचा मात्र नाही. कोब्रा, म्हणजे कंपनीचा आरोग्य विमा स्वखर्चाने चालू ठेवण्याची सोय, महाग पडतो, पूर्ण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत, पण तो घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात आणि घेतला तर मागच्या तारखेपासून लागू होतो. मुलगी आजारी पडली तर तेव्हाही घेता येईल.

आणि आजच आय-९४ उतरवून त्यावरची तारीख बघा. ती ३० ऑक्टोबरच्या आतली असेल, तर वर लिहिलेली मुदत तेवढीच आधी संपेल आणि वकिलाला फोन उद्या नाही, आजच करावा लागेल.