कटात जादू कुठे पेरावी?

प्रश्न : माझी थरारकादंबरी ८० हजार शब्दांची आहे. एक गुप्त संघटना जुनं हस्तलिखित दडवून ठेवते. ते वाचणाऱ्याला दुसऱ्याच्या आठवणी दिसतात, हे ५० हजार शब्दांनंतर उघड होतं. ज्यांना वाचायला दिली त्यांना ही फसवणूक वाटली. जादू उशिरा आणणं चूक आहे का?

उत्तर : उशिरा उलगडायला हरकत नाही, पण ती पेरायला उशीर झालाय. या जगात काय घडू शकतं आणि काय नाही, याचा अंदाज वाचक पहिल्या चार-पाच प्रकरणांतच बांधतो आणि मग त्या हिशेबाने दुवे जुळवत जातो. पन्नास हजार शब्दांनंतर तुम्ही नियमच बदललेत, तेव्हा त्याने जुळवलेलं सगळं वाया गेलं.

पहिल्या आठ हजार शब्दांत एक विचित्र प्रसंग हवा, ज्याला साधं कारण देता येतं पण ते पुरतं पटत नाही. हस्तलिखित चाळलेला ग्रंथपाल कधीच न गेलेल्या घराच्या खोल्या बिनचूक सांगतो. सगळे म्हणतात, कुठेतरी वाचलं असेल. अशा तीन खुणा पेरा. तिसरीच्या वेळी साधं कारण तोकडं पडलं पाहिजे. उलगडाही ४० हजारांवर ओढा, म्हणजे त्याचे परिणाम दाखवायला अर्धं पुस्तक हाताशी राहील.

खरी अडचण मात्र वेगळीच दिसते. एवढी शक्ती हाती असताना संघटना ती वापरायची सोडून का दडवते? इथे जादूला किंमत लावा. समजा, दुसऱ्याची एक आठवण वाचली की स्वतःची एक कायमची पुसली जाते. मग संघटनेचे लोक स्वतः वाचणार नाहीत, दुसऱ्यांना वाचायला लावतील. मागे उरतील स्वतःचं नाव विसरलेली माणसं, आणि नायिकेचा माग तिथूनच सुरू होईल. कट वेगळा रचावाच लागत नाही, तो त्या किमतीतूनच निघतो. शेवटच्या झटापटीत मात्र जादूचा एकही नवा नियम आणू नका.

प्रश्न : संघटना ३०० वर्षं गुप्त, हजारो सभासद. पटेल?

उत्तर : नाही. डेव्हिड रॉबर्ट ग्राइम्स या संशोधकाने २०१६ साली गणिती अंदाज मांडला होता : कट पाच वर्षं टिकायचा तर सामील माणसं फार तर अडीच हजार, शंभर वर्षं टिकायचा तर सव्वाशेहून कमी. आकडा गृहीतकांवर बेतलेला आहे, पण कादंबरीला पुरेसा. ज्यांच्या नावावर आजही कट खपवले जातात ते इल्युमिनाटीच बघा. १ मे १७७६ रोजी आजच्या जर्मनीतल्या इंगोलश्टाट इथे आडाम वाइसहाउप्ट या प्राध्यापकाने हा गुप्त गट काढला, आणि १७८५ पर्यंत बव्हेरियाच्या सरकारने बंदी घालून तो मोडलाही. पुढे त्यांची कागदपत्रं सरकारनेच छापली.

तेव्हा सगळं जाणणारे नऊ जण ठेवा. बाकीचे शंभरेक पहारेकरी, वाहनचालक, हिशेबनीस. प्रत्येकाला आपल्या कामाचं एक निरुपद्रवी कारण सांगितलेलं. हे लोक नायिकेला खरंच बोलतील आणि तरीही तिच्या हाती काही लागणार नाही. खोटं बोलणाऱ्या साक्षीदारापेक्षा असा साक्षीदार जास्त छळतो.

प्रश्न : प्रकरणं १,२०० शब्दांवर आणली, तरी वेग येत नाही.

उत्तर : लांबीने वेग येत नाही. प्रकरण संपताना नायिकेपुढचा एखादा मार्ग बंद झाला का, एवढं तपासा. झाला नसेल तर ते पुढच्यात मिसळा. संघटनेचा इतिहास सहसा सलग चार पानं येतो आणि गाडी तिथेच रुतते. तो तोडा, आणि ज्या क्षणी त्यातली एखादी गोष्ट ठाऊक नसल्याने नायिका अडते, तिथे तेवढीच द्या. आणि सलग दोन प्रकरणं गोळीबारावर संपवू नका. दुसऱ्या वेळी वाचक दचकत नाही.