घंटा वाजवणारं कुणी नसतं तेव्हा

चि.स,

अनेक आशीर्वाद. देवधर्म सुटून तीस वर्षं झाली, पण पत्राची सुरुवात अजून अशीच होते. चालवून घे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. धर्म सोडल्यावर मोकळं वाटतंय, पण संध्याकाळ झाली की काहीतरी राहून गेल्यासारखं होतं, असं तू लिहिलं आहेस. सोडण्याबद्दल मी काही बोलणार नाही. ते तू विचार करून ठरवलंस. मला बोलायचंय ते संध्याकाळबद्दल.

धर्मात श्रद्धा असते तसं एक वेळापत्रकही असतं. ठरल्या वेळी घंटा होते, बांग होते, उपासाचा दिवस येतो, आणि मनात असो नसो, माणूस जाऊन बसतो. मनात नसताना बसणं, हा त्यातला मोठा भाग. श्रद्धेबरोबर तुझं ते वेळापत्रकही गेलं. संध्याकाळी जी चुटपुट लागते ती बहुधा त्याची असावी.

माझंही असंच झालं होतं. पहिली दोन-तीन वर्षं नुसता हिंडलो. एक ध्यानशिबिर, मग श्वासाचा वर्ग, मग ढीगभर पुस्तकं. सगळीकडे तिसऱ्या आठवड्यात कंटाळा यायचा आणि 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून मी निघायचो. अडवणारं कुणी नव्हतं, तीच गोम होती. वर चारचौघांत 'मी धार्मिक नाही, आध्यात्मिक आहे' असं मान ताठ करून सांगायचो. आता आठवलं की हसू येतं.

शेवटी फार साधं केलं. पहाटे खिडकीपाशी खुर्चीत वीस मिनिटं बसायचं. मंत्र नाही, संगीत नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. सुरुवातीला कालच्या भांडणातली वाक्यं नव्याने जुळतात, आणि या वेळी मी जिंकतो. मग गुडघा ठणकतो. मग पंख्याची कुरकुर ऐकू येते. आणि एखाद्या दिवशी, रोज नव्हे, ज्याच्याशी भांडलो त्याचा चेहरा समोर येतो. दमलेला असतो तो. माझं जिंकणारं वाक्य अर्ध्यावरच राहतं. त्या दिवशी मी त्याला फोन करतो.

याला अध्यात्म म्हणावं का? मी म्हणतो, त्या फोनमुळे. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १९०१-०२ मध्ये एडिंबरात धार्मिक अनुभवावर व्याख्यानं दिली होती. अनुभव कुठून आला हे उकरत बसण्यापेक्षा त्याला फळ काय आलं ते बघा, असा त्याचा रोख होता. माझ्या पहाटेला मी तेवढंच माप लावतो. दहा-दहा दिवसांच्या मौनाची मात्र घाई करू नकोस. तासन्‌तास बसून काहींची झोप उडते, जुनी भीती वर येते.

आता तुझ्या 'एकटीने शोधायचं' या वाक्याबद्दल. स्पिनोझा या तत्त्वज्ञाला २७ जुलै १६५६ रोजी अॅम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केलं, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. त्यानंतर तो दुसऱ्या कुठल्याही धर्मात गेला नाही. भिंगं घासून आपलं आपलं जगला. ही गोष्ट एकांड्या शिलेदाराची म्हणून सांगितली जाते. पण त्याचे मित्र एकत्र जमून त्याचं लिखाण वाचायचे, अडलेलं पत्राने विचारायचे, आणि तो उत्तरं द्यायचा. संघटना नको म्हणून माणसंही नकोत, असं त्याने केलं नाही. तुलाही एक तरी माणूस लागेल, जो तोंडावर म्हणेल, 'हे तू स्वतःला फसवते आहेस.'

एक कबुली देतो. वडील गेले तेव्हा घरात प्रार्थना सुरू होती आणि मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या वीस मिनिटांच्या गाठोड्यात त्या दिवसाला पुरेल असं काही निघेना. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी माझा हात धरला आणि ते म्हणत राहिले. शब्द लहानपणापासून पाठ होते. मीही म्हटले. ढोंग केल्यासारखं वाटलं नाही, श्रद्धा परत आली असंही नाही. शंभर माणसांच्या तोंडून गुळगुळीत झालेले ते शब्द होते, आणि त्या दिवशी मला स्वतःचे सुचत नव्हते. तेव्हा आई कधी सोबत चल म्हणाली तर वाद न घालता जा. तिला सोबत हवी असते. तुझ्या मतांची ती झडती घेत नाहीये.

बाकी तत्त्वज्ञान भेटल्यावर. उद्यापासून वीस जमत नसतील तर दहा मिनिटं बस. जागा आणि वेळ बदलू नकोस. तिसऱ्या आठवड्यात कंटाळशीलच, तेव्हा मला पत्र टाक. छान वाटतंय हे कळवायची गरज नाही. कंटाळा नेमका कितव्या मिनिटाला येतो ते लिही.

तुझा,
जुना मास्तर